जात कवटीत नसते, मणक्यावरच्या ओझ्यात असते

आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद पुन्हा पुन्हा फिरतो. मूळचे कोण, बाहेरचे कोण? कोणाचे नाक कसे, डोके कसे, डीएनए कोणाचा? उल्हासनगरच्या सुभाष टेकडीवर आम्ही काही जण दर रविवारी अभ्यास वर्ग घेतो, तिथेही हा प्रश्न येतोच. मुले तळमळीने विचारतात, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे. माझे मत आधीच सांगतो. वंशाच्या मोजपट्टीने जात समजत नाही, आणि ही मोजपट्टी आपली नव्हेच.

मग ती कोणाची? १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याची. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, असा आकडा काढून त्याने जाती उतरंडीला लावल्या. नाक जितके रुंद तितकी जात खालची, हा त्याचा सिद्धांत. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात याच सिद्धांताची झडती घेतली. डॉ. घुर्ये यांनी दिलेले नाकाच्या मोजमापांचे आकडे समोर ठेवले आणि दाखवून दिले की याच शास्त्राने पाहिले तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड असेल तर दुसराही द्रविड. बाबासाहेबांनी जी पट्टी निकामी करून ठेवली, तिला निळा रंग लावून आपण पुन्हा हातात का घ्यायची?

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांचे नाव माहीत असते, त्यांचे बर्लिनमधले काम फारसे माहीत नसते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या तिथे युजेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. गोरे युरोपियन बुद्धीने श्रेष्ठ, आणि ते श्रेष्ठत्व कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या फरकात दिसते, असा फिशरचा कयास. कर्वेंनी १४९ कवट्या मोजल्या आणि मार्गदर्शकाच्या विरोधात निष्कर्ष लिहिला: या फरकाचा वंशाशी संबंध नाही. पुढे त्याच फिशरच्या विचारांनी नाझींच्या वंशशुद्धीला आधार पुरवला. कवट्या मोजून माणसांची प्रतवारी करणारे कुठवर जातात, हे जगाने पाहिले आहे.

आता प्रत्यक्ष शरीर पाहू. कवटीत २२ हाडे असतात, ८ मेंदूभोवतीची आणि १४ चेहऱ्याची. तळाला एक मोठे छिद्र असते, त्यातून मज्जारज्जू कण्यात उतरतो. कण्यात मानेचे ७ मणके, पाठीचे १२, कमरेचे ५. त्याखालचे ५ मोठेपणी जुळून एक हाड होते आणि शेवटी माकडहाड. ब्राह्मणाच्या घरातले बाळ असो की मातंगाच्या, हिशेब एकच.

बाळ जन्मते तेव्हा त्याचा कणा एकाच बाकात वळलेला असतो. ते मान सावरू लागते तेव्हा मानेचा बाक तयार होतो, उभे राहून चालू लागते तेव्हा कमरेचा. म्हणजे कणा घडतो तो माणूस काय करतो त्यावर, आणि झिजतो तोही माणसाला काय करायला लावले जाते त्यावर. शरीरशास्त्राचा धडा इथे संपतो आणि जातीचा सुरू होतो.

पेशवाईत पुण्यामध्ये अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असे, ही नोंद बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विच्छेदन'मध्ये केली आहे. मान आणि कंबर! कण्याच्या याच दोन भागांत हालचाल जास्त आणि झीजही जास्त. मडके गेले, झाडू कमरेवरून हातात आला. ओझे मात्र गेलेले नाही.

आज अंबरनाथ-बदलापुरात टॉवरमागून टॉवर उभे राहत आहेत. सकाळी नाक्यावर उभ्या असलेल्या बिगारी बायका कोण आहेत, हे कधी विचारले आहे का? मी ज्यांच्यात काम करतो त्यांत बहुतेक जणी मराठवाडा-विदर्भातून आलेल्या बौद्ध आणि मातंग, काही जवळपासच्या कातकरी वाड्यांतल्या. डोक्याचे स्वतःचेच वजन साडेचार-पाच किलो असते. त्यावर चुंबळ, चुंबळीवर खडीने भरलेले घमेले, आणि पायाखाली कठडा नसलेला जिना. वर्षानुवर्षे हे चालले की मणक्यांमधल्या चकत्या लवकर झिजतात, नसा दबतात, हाताला मुंग्या येतात. अंबरनाथची एक मावशी मला म्हणाली, "भाऊ, मागं बघायचं तर सगळं अंगच वळवावं लागतंय." वय बेचाळीस. डॉक्टरने आराम सांगितला आहे. आराम केला तर रोजी बुडते.

कोणी म्हणेल, स्लिप डिस्क तर एसी ऑफिसात बसणाऱ्यालाही होते. होते ना! पण त्याला पगारी रजा मिळते, फिजिओथेरपी मिळते, विमा मिळतो. मावशीला बाम मिळतो. हाड दोघांचे सारखेच दुखते, उपचार मात्र सारखे नाहीत. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे म्हणणे समजायला नाकाची रुंदी लागत नाही. घमेले कोणाच्या डोक्यावर आहे एवढे पाहिले तरी पुरते.

म्हणून मित्रांनो, आपली ताकद डीएनएच्या पोस्टवर खर्च करू नका. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नवा ठेकेदार असलेल्या बाईला तो द्यायचा कोणी? ठेकेदार टाळतो, कार्यालय हेलपाटे घालायला लावते, आणि मावशी तो नाद सोडून पुन्हा घमेले उचलते. हा लढा आपला आहे. वर्गातल्या प्रत्येकाने नाक्यावरच्या पाच बायकांचे अर्ज भरून द्यावेत, सोबत कार्यालयात जावे, आणि दाखला मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. आमचा पुढचा रविवारचा वर्ग नाक्यावरच होईल, सकाळी सात वाजता. येताना पेन आणा.

जय भीम!