हरिदासपूरहून परळला

परदेशी पाहुणा विमानाने येतो आणि पैसाही तोच आणतो, असं मी वर्षानुवर्षं ठामपणे मानत आलो. आकडेही माझ्याच बाजूचे होते. जगात सीमा ओलांडणाऱ्या दर दहा पर्यटकांतले जवळजवळ सहा विमानाने जातात. भारतात २०१९ साली आलेल्या १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटकांपैकी सुमारे ८० टक्के विमानतळावरच उतरले. रस्त्याने येणाऱ्यांचा हिशेब कशाला मांडायचा?

परळमध्ये राहून माझं हे मत पालटलं. टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या चाळींत बांगलादेशातली कुटुंबं महिनोन्महिने खोली घेऊन राहायची. पासपोर्टवर शिक्का हरिदासपूरचा, म्हणजे बनगावजवळच्या सीमेवरच्या नाक्याचा. २०१९ मध्ये दिल्ली आणि मुंबई विमानतळांच्या खालोखाल सर्वाधिक परदेशी पर्यटक याच नाक्यातून देशात आले! पुढे कुणी हावड्याहून गीतांजली धरायचं, कुणी कोलकात्याहून विमान. सरकारदरबारी नोंद मात्र रस्त्याने आल्याचीच. उपचारांसाठी त्या वर्षी आलेल्या सुमारे ७ लाख परदेशी लोकांत निम्म्याहून अधिक बांगलादेशातले होते.

चार दिवसांचा पाहुणा कुलाबा, गेटवे करून परततो. या माणसांचा पैसा आमच्या गल्लीत खर्च व्हायचा. खोलीचं डिपॉझिट, भाडं, गॅस, औषधं, रक्ताच्या तपासण्या, टॅक्सी. आमच्या बाजारातली मावशी पापलेट-बोंबलांच्या शेजारी रोहू ठेवायला लागली. ‘‘किमोनंतर पोराला दुसरं काही जात नाही,’’ असं म्हणत ती गिऱ्हाइकाला न विचारताच बारीक तुकडे करून द्यायची. रोहू एरवी आमच्याकडे कोण खातं?

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. पर्यटनाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबात परदेशप्रवासाच्या तिकिटाचे पैसे पर्यटन-उत्पन्नात धरत नाहीत, ते वेगळे मांडतात. म्हणजे पाहुणा कशाने आला यापेक्षा उतरल्यावर किती दिवस राहिला आणि कुठे राहिला, यालाच खरी किंमत.

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाल्यावर बांगलादेशींचे व्हिसा आटले. राजकारणाची कारणं मला समजतात, पण आजाऱ्याचा व्हिसा त्यात अडकू नये असं मनापासून वाटतं. नवी मुंबईचा विमानतळ झाला, चांगलंच झालं. त्यावर झालेल्या खर्चाचा अगदी लहानसा वाटा परळला द्या आणि रुग्णासोबत आलेल्यांना परवडतील अशा खोल्या बांधा. पर्यटन खात्याकडे माझं आता हेच मागणं आहे.