दोन बारांच्या मध्ये
अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी ठासणीच्या बंदुकांचे शौकीन स्पर्धेला जमतात. बार उडतो, पांढरा धूर पसरतो आणि नेमबाज लगेच गजाला ओलसर चिंधी लावून नळी पुसतो.

काळी दारू जळली तरी तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. बराचसा धुरासोबत जातो, बाकीचा नळीला चिकटतो. कोरड्या हवेत ही काजळी कडक होते. मग गोळी खाली उतरेना! ती अर्ध्यात अडकून दारूपासून दूर राहिली, तर नळी फुगू वा फुटूही शकते.

चिंधी ओलीचिंब मात्र नको. काजळी तळाशी ढकलली जाते, ठिणगीचं छिद्र बुजतं, पुढचा बार फुसका.

चिंधी ओलवायला कुणी खास द्रावणं विकत घेतं, कुणी थुंकीवर भागवतं. थुंकी फुकट, आणि पुरेशीही.