तीनांपैकी एक

महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कारण हुडकून काढण्याच्या ज्या पाच पद्धती सांगितल्या आहेत, त्या मी आता झोपेतदेखील म्हणून दाखवीन. एक गोष्ट दुसरीच्या मागून घडली एवढ्यावरूनच पहिलीला दुसरीचे कारण समजू नये, हे सांगताना मी दर वर्षी आडव्या जाणाऱ्या मांजराचे उदाहरण देतो, आणि विद्यार्थी दर वर्षी हसतात. इतके झाल्यावर कारण कसे शोधावे हे आपणास कळते, असा एखाद्याचा समज झाला तर त्यास फारसा दोष देता येणार नाही. माझाही तसा समज होता. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत अमेरिकेतील ओहायओ राज्यात, कोलंबस शहराबाहेर एका व्हॅनच्या मागच्या दाराशी उभा असताना तो नाहीसा झाला.

ती व्हॅन माझ्या भाच्याची. हा भाचा यंत्रशास्त्राचा पदवीधर. तिकडे एका कारखान्यात त्यास चांगली नोकरी होती. चार वर्षांपूर्वी ती गेली. सहा महिने दुसरी मिळेना, तेव्हा धंद्यातून निवृत्त होणाऱ्या एका गृहस्थाकडून त्याने ही व्हॅन आणि तीमधील यंत्र विकत घेतले, आणि लोकांच्या घरचे गालिचे धुऊन देण्याचा व्यवसाय सुरू केला. माझी थोरली बहीण पुण्यात विचारणाऱ्यांना 'त्याचा स्वतःचा उद्योग आहे' एवढेच सांगते आणि विषय बदलते. मी तर त्यास सहा पानांचे पत्र लिहिले होते. पदवीधराने परक्यांच्या पायाखालची धूळ काढीत फिरावे, यासाठी का आईने दागिने मोडून शिकविले, असे काहीसे त्यात होते. त्या पत्राचे उत्तर आले नाही. पुढे फोनवर तो नेहमीसारखाच 'मामा, तुमची प्रकृती कशी आहे?' असे विचारी, आणि मीही पत्राचा विषय काढीत नसे.

त्याच्याकडे जाऊन राहिल्यावर दुसऱ्याच दिवसापासून मी त्याच्याबरोबर कामावर जाऊ लागलो. घरी बसून कंटाळा येई हे एक कारण. आणि ज्या कामाविषयी आपण सहा पाने लिहिली ते एकदा डोळ्यांनी पाहावे, असेही मनात होते.

ते काम मला वाटले होते तसे नव्हते. तिकडे घरोघर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा जमिनीला जखडलेला असतो. तो उचलून अंगणात झटकता येत नाही. म्हणून धुणाऱ्यालाच घरी जावे लागते. व्हॅन दाराशी उभी राहते. तीमधील पेट्रोलचे एंजिन पट्ट्याने दोन गोष्टी फिरविते: एक पाण्याचा पंप आणि दुसरा हवा ओढणारा ब्लोअर. घराबाहेरच्या नळाला नळी जोडून यंत्रातील लहानशा टाकीत पाणी घ्यावयाचे. पंपाने त्यावर चौरस इंचास सुमारे 400 पौंडांचा दाब द्यावयाचा. एंजिनाच्याच उष्णतेने ते कढत करावयाचे, आणि लांब नळीने घरात नेऊन गालिच्यावर फवारावयाचे. फवारलेले पाणी मळासकट दुसऱ्या जाड नळीने त्याच क्षणी परत ओढले जाते. ते साठलेले काळे पाणी पाहिले म्हणजे वरवर स्वच्छ दिसणाऱ्या घरांविषयी माणूस विचारात पडतो.

ही कल्पना जुनीच आहे. 1901 साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज एंजिनियराने असेच यंत्र घोडागाडीवर बसवून लंडनच्या रस्त्यात उभे केले होते. खिडक्यांतून लांब नळ्या आत जात आणि घरातील धूळ बाहेर येई. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्याच यंत्राने साफ झाले. भाच्याच्या व्हॅनमधील ब्लोअरचे कूळ त्याहूनही जुने. इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल गावी रूट्स नावाच्या दोघा भावांची लोकरीची गिरणी होती. त्या गिरणीसाठी पाणचक्की सुधारू पाहताना त्यांना ही युक्ती सापडली, आणि तिचे पेटंट त्यांनी 1860 साली घेतले. लोकरीच्या गिरणीत जन्मलेली वस्तू अखेर गालिच्यांच्याच सेवेस लागली, याचे मला कौतुक वाटले. हे सर्व मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मामा, ती जाड नळी जरा इकडे सरकवता का?"

मी जाऊन तीन आठवडे झाले होते. एका शुक्रवारी दुपारी, एका घरातील दुसरी खोली अर्धी धुऊन झाली असताना, दाबाचा काटा थरथरू लागला आणि खाली उतरला. फवाऱ्याची नळी जमिनीवर सापासारखी ठरावीक तालाने उसळ्या घेऊ लागली. ओढणारा भाग चालू होता, म्हणून गालिचा ओला राहिला नाही. भाच्याने हळूहळू करून तेवढी खोली पुरी केली. परंतु सोमवारी सकाळी एका वृद्धाश्रमाच्या चौदा खोल्या ठरलेल्या होत्या. ते काम त्यास प्रथमच मिळाले होते, आणि नीट झाले तर वर्षातून चार वेळा मिळावयाचे होते. घराचा हप्ता त्या चार वेळांवर बेतलेला आहे, हे त्याच्या बायकोने मला आदल्याच रात्री सांगितले होते.

मी लगेच निदान केले. आदल्या दिवशी भाच्याने दाब नियंत्रित करणाऱ्या झडपेतील रबरी कड्या बदलल्या होत्या. काल त्या झडपेला हात लावला आणि आज दाब गेला. तेव्हा दोष तेथेच असणार! तो म्हणाला, "असेल. पण आधी फुकटचे तपासू, मग पैशाचे."

मग एक एक गोष्ट तो वगळीत गेला. फवाऱ्याचे तोंड तुंबले असते तर काटा वर गेला असता. तो खाली आला आहे, तेव्हा ते नव्हे. टाकी भरलेली होती. गाळणी काढून पाहिली, स्वच्छ होती. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत कोठून हवा शिरते का हे पाहण्यासाठी त्याने प्रत्येक पकड आवळली. काही फरक पडला नाही. पट्टा ताठ होता. राहिली माझी झडप आणि खुद्द पंप. यांचा निकाल त्याने एका बादलीने लावला. झडपेच्या अलीकडेच नळी सोडवून पंपाचे पाणी सरळ पाच गॅलनच्या, म्हणजे सुमारे 19 लिटरच्या बादलीत सोडले आणि मला घड्याळ धरावयास सांगितले. एंजिनाच्या त्या गतीला हा पंप मिनिटास साडेचार गॅलन पाणी देतो. बादली 67 सेकंदांत भरावयास हवी होती. ती भरावयास 100 सेकंद लागले. पाणी झडपेपर्यंत पोहोचण्याच्या आधीच कमी पडत होते. झडप निर्दोष सुटली, आणि दर वर्षी मांजराची बाजू घेणाऱ्या मी स्वतः एका मांजरावर आळ घेतला होता, हे माझ्या ध्यानात आले.

माझी लाज राखण्यास गणित धावून आले. 100 सेकंदांत पाच गॅलन म्हणजे मिनिटास तीन. साडेचाराचे बरोबर दोन-तृतीयांश. पंपात दट्टे किती, म्हणून मी विचारले. तो म्हणाला, "तीन." "तर मग तीनांपैकी एक काम करीत नाही!" मी म्हणालो. भाच्याने माझ्याकडे ज्या आदराने पाहिले, तसे कोणा विद्यार्थ्याने मजकडे पुष्कळ वर्षांत पाहिले नव्हते.

त्याने पंपाच्या सहाही झडपा उघडल्या. त्या शाबूत होत्या. मग पुढचे डोके उतरविले. आत पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचे तीन दट्टे, एखाद्या पूजेच्या साहित्यासारखे घासूनपुसून ठेवावे तसे दिसत होते. तिसऱ्यावर उभी, केसाएवढी बारीक चीर होती. त्या चिरेने भोवतालचे सील कुरतडले होते, तेथून पाणी मागे झिरपले होते, आणि वंगणाचे तेल ताकासारखे पांढरे झाले होते. भाच्याने पंपाचा कणा हाताने फिरवून पाहिला. आत वाळू असावी तशी खरखर लागली. "बेअरिंगे गेली," तो म्हणाला. "नुसते सील घालून भागायचे नाही. नवा पंपच आणावा लागेल."

"हा दट्ट्या तडकतो कशाने?" मी सहज विचारले.

"पाण्यावाचून चालला तर. कोरडा चालला की घासून तापतो, आणि तापलेला असताना एकदम गार पाणी आले की तडकतो. गार कपात उकळता चहा ओतला म्हणजे होते ना, त्याच्या उलट."

तो नट वेचीत होता. माझ्याकडे पाहत नव्हता. मला मात्र पहिल्या आठवड्यातील एक सकाळ स्पष्ट दिसू लागली. एका घरामागच्या बागेत, नळाच्या जोडापाशी पाणी गळून गवतात वाहत होते. ज्या गावात पाण्याच्या वेळेवर घराचे वेळापत्रक चालते, त्या गावात माझा जन्म गेला आहे. वाहता नळ दिसला की माझा हात आपोआप पुढे होतो. मी तो नळ घट्ट बंद केला, आणि एक सत्कृत्य केल्याच्या समाधानाने पायरीवर पुस्तक वाचीत बसलो. काही वेळाने भाचा लगबगीने घरामागे गेला आणि परत आला. मी पुस्तकातून मान वर केली नाही.

शनिवारी दुकान बंद होण्याआधी नवा पंप आणला. त्याची किंमत एका आठवड्याच्या कमाईला पुरून उरणारी होती. रात्री मोटारघरात दिवा लावून काम चालले होते. बॅटरीची तार सोडविली, पट्टा सैल करून काढला, नळ्या सोडविल्या. कोणती कोठली हे कळावे म्हणून प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधण्याचे काम मजकडे होते. जुन्या कण्यावरील पुली गंजून चिकटली होती. ती निघावयास तासभर लागला. त्या तासात मी सारे सांगून टाकले.

तो म्हणाला, "मामा, मला ते त्याच दिवशी कळले होते. नळ बंद होता, तो मी उघडला."

"मग बोलला का नाहीस?"

"पाणी संपले की एंजिन आपोआप बंद व्हावे म्हणून यात एक कळ असते. आधीच्या मालकाने ती काढून टाकली होती. ती जोडायची मी तीन वर्षे आज-उद्या करीत होतो. ती असती तर नळ कोणीही बंद केला असता तरी काही बिघडले नसते. मग कारण कोणते म्हणायचे, नळ की कळ?"

मला उत्तर ठाऊक होते. कारण म्हणजे सर्व अटींची बेरीज. त्यांतली एकच निवडून तिला कारण म्हणणे ही आपली सोय, असे मिलने म्हटले आहे, आणि मी ते सत्तावीस वर्षे शिकविले आहे. परंतु ती बेरीज करताना स्वतःच्या वाट्याचा आकडा आधी मांडावा आणि दुसऱ्याचा मागून, हे कोणत्याही ग्रंथात मला आढळले नव्हते. ते माझ्या भाच्याने मला दाखविले. माझ्या त्या पत्राविषयी तो चार वर्षे जसा बोलला नाही, तसाच नळाविषयीही तीन आठवडे बोलला नाही. पत्राविषयीही मी त्या रात्रीच बोललो. तो एवढेच म्हणाला, "ते आहे माझ्याकडे. अक्षर फार सुंदर आहे तुमचे." आणि पुली निघाली.

रविवारी दुपारी नवा पंप बसला. दोन्ही पुली एका रेषेत आहेत की नाहीत हे सरळ पट्टी लावून पाहिले. काचेच्या मध्यावर येईतो तेल भरले. प्रथम दाबाशिवाय चालवून आतील हवा जाऊ दिली, आणि मग दाब हळूहळू वाढविला. काटा 400 वर आला आणि भिंतीवर टांगल्यासारखा स्थिर राहिला. पहिले तेल 50 तासांनी बदलावयाचे, हे भाच्याने व्हॅनच्या दारावर खडूने लिहून ठेवले. ती कळही त्याच दिवशी जोडली गेली. पंपाचे निम्मे पैसे मी देऊ केले. ते त्याने घेतले नाहीत. नातवाच्या नावाने ठेवतो म्हटल्यावर मात्र त्याला काही बोलता येईना.

सोमवारी वृद्धाश्रमात चौदा खोल्या झाल्या. तेथे मला काय काम, म्हणून मी विचारले, तर भाच्याने मला बाहेर बागेत नेले. "मामा, या नळापाशी बसा," तो म्हणाला. "येथील म्हातारी माणसे फार काटकसरी असतात. कोणी येऊन बंद करील."

मी पाच तास तेथे बसलो. पुस्तक बरोबर नेले नव्हते. अकराच्या सुमारास काठी टेकीत एक वृद्ध गृहस्थ आले, जोडातून ठिबकणाऱ्या पाण्याकडे त्यांनी नापसंतीने पाहिले आणि हात पुढे केला. मी अदबीने उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "राहू द्या. हे पाणी माझ्या भाच्याचे आहे."