जावाच्या पुस्तकाविषयी चि. विनायकास

पुणे



तुझे पत्र व सोबतची चार पाने पोहोचली. तात्यांची जावा मोटारसायकल तू मागच्या खोलीतून बाहेर काढलीस, तिच्यावरचे ते पोते एकदाचे दूर झाले आणि टाकीचा मरून रंग अजून तसाच आहे, हे वाचून मला जे वाटले ते लिहीत बसत नाही. वहिनी असत्या तर त्यांनी मला ते लिहूही दिले नसते. परंतु त्याच पत्राच्या शेवटी, ‘मॅन्युअल एका माणसाकडून पैसे भरून मोबाइलवर मागवले, खरे-खोटे तो जाणे, आपल्याला काम झाल्याशी कारण,’ असे जे वाक्य तू सहज लिहून गेलास, त्याने माझ्या आनंदावर विरजण पडले. दुसऱ्या कोणी लिहिले असते तर मी पत्र मिटून ठेवले असते. तात्यांच्या मुलाने हे लिहावे!

माझी हयात दप्तरखान्यात गेली, हे तुला ठाऊकच आहे. कागद हाती आला की त्यात काय लिहिले आहे हे पाहण्याआधी तो कोणी लिहिला, कोणत्या साली, कोणासाठी, आणि अस्सल कोणाच्या ताब्यात आहे, ही चौकशी करावयाची, ही खोड आता जाणार नाही. तीच खोड मी तुझ्या चार पानांस लावली. पहिल्या पानावर इंजिनाचे ऑइल फिल्टरसह बदलण्याची आणि कूलंटची पातळी तपासण्याची कृती आहे. अरे, तात्यांच्या गाडीत पाणी कोठे आहे? तिचे इंजिन टू-स्ट्रोक, चालत्या वाऱ्यावर थंड होणारे. त्याचे वंगण पेट्रोलात मिसळून येते आणि जळून जाते, मग फिल्टर तू शोधणार कोठे? ते पान 2018 साली त्याच नावाने नव्याने आलेल्या 293 सीसीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक गाडीचे असावे. दुसरे पान चेक भाषेत आहे. ते तुला वाचता येत असेल तर माझी हरकत नाही. चौथ्यावरच्या वायरिंगच्या नकाशात सगळ्या तारा काळ्याच दिसतात. तिसरे पान मात्र खरोखर आपल्या गाडीच्या घराण्यातले आहे, आणि खरा घात तेथेच आहे. कारण नकलेची नक्कल होता होता आकड्यांतील दशांशचिन्हे उडाली आहेत. पॉइंटमधले अंतर 0.4 मिलिमीटर असावयाचे ते ‘04’ झाले आहे, आणि ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या 3.5 ते 4 मिलिमीटर आधी पडावयाची, तेथे ‘35’ छापले आहे. ज्या पिस्टनची सारी धाव 75 मिलिमीटरची, तो 35 मिलिमीटर खाली असताना ठिणगी टाकावी असे सांगणाऱ्या कागदावर तू पैसे खर्च केलेस. कोणी जाणता मिस्त्री हसून दुरुस्त करील. पण तू तो कागद मिस्त्री टाळण्यासाठीच तर घेतलास!

तात्या आणि मी टायमिंग कसे लावीत असू, ते तुला आठवत नसेल. तू तेव्हा पाळण्यात होतास. गादीवर उघडे पुस्तक, मी मोठ्याने इंग्रजी वाचावयाचे आणि तात्यांनी हात चालवावयाचे. प्लग काढून त्या भोकातून मापपट्टी सोडीत, क्रँक हाताने उलटा फिरवून पिस्टन माथ्यावरून नेमका तेवढा खाली आणीत, आणि सिगारेटच्या पाकिटातला तो पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढीत. कागद सुटला तो क्षण पॉइंट उघडण्याचा. सुटला की ‘वाचा पुढे’ म्हणत. अमुक तितके फिरवावे असे मी कधी अंदाजाने बोललो, तर पाना खाली ठेवून ते म्हणत, ‘पुस्तकात आहे का?’ नसले तर ते काम त्या दिवशी व्हावयाचे नाही. ते पुस्तक म्हैसूरच्या कारखान्याचे, छापील, गाडीबरोबर आलेले होते. पुढे सातारच्या एका गृहस्थांनी उसने नेले ते परत आले नाही; त्या प्रकरणाची वाच्यता आता नको.

आता, मग पुस्तक आणावयाचे कोठून, या तुझ्या प्रश्नाकडे वळतो; तो प्रश्न तू विचारलास त्याहून अवघड आहे. गाडी कोणाची, हे सोपे. पुस्तक कोणाचे, हे नव्हे. इराणी मंडळींनी म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावा ही कंपनी उभारली आणि 1961 पासून चेकोस्लोव्हाकियातील जावाच्या परवान्यावर 250 सीसीची गाडी तेथे होऊ लागली. ती मूळच्या 353 जातीची. तिच्या मागच्या चाकाला झुलता आधार असल्याने चेक लोक तिला लाडाने ‘कीवाच्का’ म्हणतात. सत्तरीच्या दशकात म्हैसूरने आपल्या गाडीला येझदी नाव दिले, मग रोडकिंग आली, आणि 1996 साली कारखाना बंद पडून कंपनी पुढे अवसायनात गेली. येझदी या नावावर हक्क कोणाचा, याचा झगडा कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचला. जेथे नावाची ही दशा, तेथे पुस्तकाची परवानगी मागावयाची कोणाकडे? तथापि कंपनी बुडाली म्हणून तिचे पुस्तक बेवारस झाले, असे कायदा मानीत नाही. तिच्या अन्य मालमत्तेप्रमाणे तेही अवसायकाच्या हाती जाते. सहकारी बँकांच्या कृपेने अवसायक म्हणजे कोण, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही.

म्हणून माझी तजवीज अशी. प्रथम इंजिन व चॅसिसचे क्रमांक घासूनपुसून उतरून घे आणि नोंदणीपुस्तकाशी रुजुवात कर. गाडी साठीच्या दशकातली म्हैसूरची असेल, तर त्या काळी प्रागच्या मोटोकोव्ह या निर्यात संस्थेने परदेशी गिऱ्हाइकांसाठी काढलेली इंग्रजी पुस्तके तुझ्या फार उपयोगी पडतील. रोडकिंगवाल्याने मात्र ती डोळे मिटून वापरू नयेत. ती पुस्तके किंवा म्हैसूरची मूळ छापील प्रत जुन्या बाजारात मिळाली तर विकत घे. अस्सल प्रत दुसऱ्या हाताने घेण्यात गैर काही नाही. ज्याने ती मूळ घेतली त्याने तिचे दाम मोजलेले असते. मी येथे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार कोणाला तरी पाठवितोच. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात. तेथे दहा जणांस विचारलेस तर एखाद्याकडे जीर्ण प्रत निघेल. ती त्याच्यासमोर बसून वाच, लागणारे आकडे स्वतःच्या हाताने वहीत उतरून घे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने खाजगी उपयोगापुरत्या उचित वापराला मोकळीक दिलेली आहे. दुसऱ्याचे पुस्तक नकलून त्याचा बाजार मांडणाऱ्याला मात्र ती नाही, आणि तुझे पैसे नेमके त्याच्या खिशात गेले. त्या पैशांनी ना म्हैसूरचे भले झाले, ना प्रागचे, ना तुझे.

‘मग कंपन्या तरी पुस्तके सुखासुखी कोठे देतात?’ असे तू म्हणशील, आणि येथे मी तुझ्या बाजूस येतो. नव्हे, तुझ्या पुढे चार पावले जातो. यंत्र विकावयाचे आणि ते उघडण्याचे ज्ञान राखून ठेवावयाचे, हा व्यवहार मला जमीन खरेदीदाराच्या नावे करून देऊन सनद आपल्याच पेटीत ठेवणाऱ्या इनामदारासारखा वाटतो; खरेदीदार नांगर धरतो, पण बांधावर वाद उभा राहिला की त्याला पुन्हा वाड्यावरच जावे लागते. हे माझे एकट्याचे खूळ नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपये दंड ठोठावला, तो सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. अपिले झाली, ती व्हावयाचीच. पण तत्त्व दप्तरी दाखल झाले. युरोपात 2013 च्या नियमाने दुचाकींच्या कारखानदारांवरही दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना देण्याचे बंधन आले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले, त्यात वाहनेही घेतली. आरंभ म्हणून ठीक आहे. मला विचारशील तर वाहनाची नोंदणी करतेवेळीच त्याच्या दुरुस्तीच्या पुस्तकाची एक प्रत सरकारजमा व्हावी, आणि कारखाना बंद पडला की ती जिल्ह्याच्या ग्रंथालयात कोणासही पाहावयास मिळावी. कारखाने उठतात, त्यांचे मालक जातात; गाड्या मात्र कऱ्हाडच्या कुठल्याशा मागच्या खोलीत पन्नास वर्षे उभ्या राहतात. त्यांचा वाली कोण? वाहनांचे कशाला, माझ्या विहिरीच्या पंपाचेही तेच झाले. पण ते असो, नाहीतर हे पत्र पंपाकडे वळेल.

हे सारे लिहिण्यामागचे खरे कारण निराळे आहे, आणि ते तुझ्या पत्राच्या मागल्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेल्या ओळीत आहे. सूनबाईंना मागे बसवून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाणार म्हणतोस. चढाची मला भीती नाही. गाडी कुरकुरेल, तापेल, थांबेल. मला उताराची भीती आहे. या इंजिनाला वंगण पेट्रोलाबरोबरच मिळते. म्हणून लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये सोडून दिलीस, तर चाके इंजिन जोरात फिरवीत राहतील आणि त्याला तेल मात्र पोहोचणार नाही. अशातच पिस्टन धरतो, आणि मागचे चाक जागच्या जागी आवळते. मधून मधून ॲक्सिलरेटर थोडा उघडावा, आणि उतरताना डावा हात क्लचवर असावा, म्हणजे इंजिन धरलेच तर क्षणात चाक सुटे करता येईल. पेट्रोलात ऑइल किती, यावर एक मिस्त्री लिटरला चाळीस मिली म्हणतो, दुसरा तीस. जोवर पुस्तक हाती नाही, तोवर जास्तीच्या बाजूस राहा, धूर झाला तरी चालेल. ब्रेक दोन्ही ड्रमचे आहेत आणि इतकी वर्षे दमट खोलीत होते. लायनिंग नवीन बसवून घे, आणि जुन्या लायनिंगची धूळ तोंडाने फुंकू नकोस, त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असे. तात्या फुंकीत असत. त्यांचा तो खोकला वहिनींनी विडीच्या माथी मारला, मी काही बोललो नाही.

पॉइंटचे अंतर पाहावयास फिलर गेज वापर, ब्लेडचे पाते नको. टायर वरून कितीही चांगले दिसोत, त्यांवरचे साल वाच. आणि पहिल्या खेपेस सूनबाईंना बसने पाठव. त्या रागावल्या तर माझे नाव सांग.

तुझा,
बापूकाका

ता. क. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. तात्यांनंतर गाडी कोणाच्या नावावर आहे आणि तिचा विमा चालू आहे की नाही, हे तू पत्रात मुद्दाम गाळलेस असे मला वाटते. उलट टपाली कळवावे. तोवर अंगणाबाहेर नेऊ नये.