दुसऱ्या नंबरचा रेड कॅडो

मेलबर्नच्या नैर्ऋत्येला वेरिबी नावाचं उपनगर आहे. आपल्याकडची बरीच कुटुंबं गेल्या काही वर्षांत तिथे स्थायिक झाली आहेत, त्यामुळे किराणा दुकानात भाजणीपासून गोड्या मसाल्यापर्यंत सगळं मिळतं. माझी भाची तिथेच राहते. २०१५ साली मी तिच्याकडे गेलो तो दिवाळीसाठी म्हणून. दिवाळी होती ११ नोव्हेंबरला, आणि मी ऑक्टोबर संपायच्या आतच बॅगा घेऊन तिच्या दारात हजर झालो. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत असते. त्या वर्षी रेड कॅडो नावाचा घोडा पाचव्यांदा कप धावणार होता, आणि मला तो चुकवायचा नव्हता.

वेरिबीलाही एक रेसकोर्स आहे. कपासाठी परदेशातून येणारे घोडे तिथल्याच विलगीकरणाच्या तबेल्यांत ठेवतात. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात घोड्यांच्या फ्लूची साथ आली होती. तिने रेसिंगचं कंबरडंच मोडलं, तेव्हापासून या बाबतीत कुणी हयगय करत नाही. बाहेरच्या माणसाला आत पाऊल टाकता येत नाही. तरी पोचलो त्याच संध्याकाळी जावयांनी मला गाडीतून कुंपणापर्यंत नेलं. तबेल्यांची छपरं दिसली, गवताचा वास आला, आणि आत कुठेतरी तो उभा आहे एवढ्यावर मी समाधान मानलं.

“मामा, एवढ्या लांबून येऊन हरणाऱ्या घोड्यावर पैसे लावणार तू?” रात्री जेवताना भाचीने विचारलं.

“हरणारा नाही गं. दुसरा येणारा,” मी म्हटलं.

या घोड्याची हकिकत मी तिला सांगितली ती इथेही सांगतो. रेड कॅडो २००६ सालचा, इंग्लंडमधल्या न्यूमार्केटचा, एड डनलॉप यांच्या तबेल्यातला. मालक हाँगकाँगचे रॉनी अर्कुली. अंगाने लालसर तांबूस, खच्ची केलेला, दिसायला फार देखणा नव्हे, पण दमदार. २०११ मध्ये तो पहिल्यांदा मेलबर्नला आला तेव्हा त्याच्याकडे कुणाचं विशेष लक्ष नव्हतं. भाव मोठा होता. ३२०० मीटर धावल्यावर तो आणि फ्रान्सचा डुनाडेन एकाच क्षणी खांबाजवळून गेले. निकाल छायाचित्रावर गेला. मेलबर्नला दुपारचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. पुण्यात चहाचा कप हातात धरून मी टीव्हीसमोर बसलो होतो आणि तो निकाल काही केल्या येईना. शेवटी कप डुनाडेनला मिळाला. नाकाच्या शेंड्याचा फरक, तोही डोळ्यांना न दिसणारा.

दुसऱ्या वर्षी तो परत आला आणि आठवा आला. पण त्याच वर्षी डिसेंबरात त्याने शा टिनला हाँगकाँग व्हाझ ही शर्यत जिंकली. २०१३ च्या मार्चमध्ये दुबई वर्ल्ड कपात दुसरा आला, एप्रिलमध्ये जपानला जाऊन तेन्नो शो या शर्यतीत तिसरा आला, आणि नोव्हेंबरात पुन्हा मेलबर्नला हजर. त्या खेपेस फिओरेंटेने त्याला मागे टाकलं. २०१४ मध्ये जर्मनीचा प्रोटेक्शनिस्ट चार लेंथनी, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीने, पुढे गेला, आणि दुसरा कोण, तर पुन्हा रेड कॅडोच. चार वर्षांत तीनदा दुसरा! मेलबर्न कप १८६१ पासून चालू आहे. इतक्या वर्षांत त्याच्याआधी एकही घोडा या शर्यतीत तीनदा दुसरा आलेला नव्हता.

मी पुण्याच्या कॅम्पातला. पावसाळ्यात पुण्याचा सीझन सुरू झाला की काकांच्या बोटाला धरून रेसकोर्सवर जायचो. रेसचं कोलचं पुस्तक त्यांच्या खिशात, पेन्सिल कानावर. आपल्या टोटवर, म्हणजे पैसे लावायच्या खिडकीवर, विन आणि प्लेसबरोबर एसएचपी नावाचा एक प्रकार असतो, म्हणजे सेकंड हॉर्स पूल. त्यात घोडा जिंकून चालत नाही, बरोबर दुसराच यावा लागतो. काका एसएचपीचे भक्त होते. जिंकणारा घोडा सगळ्यांना दिसतो, दुसरा ओळखायला घोडा कळावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. २०११ चा तो निकाल लागला तेव्हा काका हयात नव्हते. असते तर रेड कॅडोचा फोटो त्यांनी देवघराशेजारी लावला असता, याबद्दल मला शंका नाही.

कपाच्या आदल्या दिवशी मेलबर्नच्या रस्त्यांतून मिरवणूक निघाली. मी ती थोडा वेळ पाहिली आणि ट्रामने म्युझियम गाठलं, कारण तिथे फार लॅप आहे. १९३० चा कप जिंकलेला हा घोडा १९३२ मध्ये अमेरिकेत मेला. त्याचं कातडं पेंढा भरून मेलबर्नला काचेच्या कपाटात उभं केलेलं आहे. हृदय कॅनबेराला आहे आणि सांगाडा न्यूझीलंडला, जिथे तो जन्मला. तीन शहरांनी एक घोडा वाटून घेतला. आजी नातवंडांना उचलून त्याचे डोळे दाखवत होत्या. घोड्यावर असा जीव लावणाऱ्या गावात कप पाहायचा, याचं मला फार बरं वाटलं.

मंगळवारी, ३ नोव्हेंबरला, मेलबर्नला सार्वजनिक सुट्टी होती. वेरिबीहून सकाळची गाडी पकडली तीच लग्नाच्या वऱ्हाडासारखी भरलेली. बायकांच्या डोक्यांवर पिसांच्या टोप्या, पुरुषांच्या कोटांना फुलं. सदर्न क्रॉस स्टेशनवर उतरून फ्लेमिंग्टनची खास गाडी घेतली, ती थेट रेसकोर्सच्या दारात सोडते. आत शिरल्यावर पहिल्यांदा दिसतात ते गुलाब. हजारो झाडं, आणि सगळी नेमकी त्याच आठवड्यात फुललेली. माळी वर्षभर छाटणीचा हिशोब त्या एका आठवड्यासाठी ठेवतात.

गर्दी लाखाच्या वर होती. महालक्ष्मीला इंडियन डर्बीच्या दिवशी मी पुष्कळ वेळा उभा राहिलो आहे, पण तिथला प्रेक्षक मुख्यतः रेसचा असतो. इथे घोड्याचं शेपूट कुठे अन् तोंड कुठे हेही माहीत नसलेली माणसं हौसेने आली होती. तरी नाव कुणाचं विचारलं तर दहातले चार “रेड” म्हणत. माझ्याशेजारी एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. त्या आधीच्या चारही वेळा त्याच्यासाठी आल्या होत्या. “आज तरी,” एवढंच म्हणाल्या. मी खिडकीवर जाऊन त्याचं विन घेतलं. प्लेस घेतलं नाही. दुसरा येण्याचे पैसे त्या दिवशी मला नको होते.

घोडे पॅडॉकमध्ये आले. ऑस्ट्रेलियात घोड्यांचं वय १ ऑगस्टला वाढतं, त्यामुळे इंग्लंडच्या हिशोबाने नऊ वर्षांचा रेड कॅडो इथे दहाचा धरलेला. बहुतेक घोडे त्याच्याहून बरेच लहान. फेव्हरिट होता जपानचा फेम गेम. रेड कॅडोवर जेराल्ड मोसे बसले होते, आधीचे दोन कपही त्यांनीच चालवले होते. घोडा मान खाली घालून शांत चालत होता, शेजारून गेला तेव्हा टाळ्या पडल्या. त्याच रिंगणात एक नंबरच्या गेटचा प्रिन्स ऑफ पेन्झान्स फिरत होता. भाव शंभराला एक, आणि त्याच्यावर जॉकी मिशेल पेन. माझी नजर त्याच्यावरून नुसती फिरून गेली.

३२०० मीटरची शर्यत फ्लेमिंग्टनला सरळ पट्ट्याच्या टोकाकडून सुटते, म्हणून घोडे स्टँडसमोरून दोनदा जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा चोवीस घोड्यांच्या टापांनी पायाखालची जमीन हलली. रेड कॅडो मागच्या घोळक्यात होता. काळजीचं कारण नव्हतं, तो नेहमीच उशिरा जोर करायचा. मग ते पलीकडच्या बाजूला गेले आणि लांबच लांब रंगीत पट्टा तेवढा दिसत राहिला. शेवटचं वळण संपलं, ओरडा सुरू झाला, आणि आतल्या बाजूने आलेला तो शंभराला एकवाला घोडा वाट काढत बाहेर आला आणि सगळ्यांना मागे टाकून निघून गेला. मागून फ्रँकी डेटोरी मॅक्स डायनामाइटला घेऊन आले, पण अर्ध्या लेंथने कमी पडले.

मी मात्र अजून मागेच पाहत होतो. रेड कॅडो येत नव्हता.

शेजारच्या शिक्षिका दुर्बीण लावून उभ्या होत्या. त्यांनी ती खाली घेतली आणि माझ्या हातात दिली. मोसे खाली उतरून लगाम धरून उभे होते, घोडा पुढचा डावा पाय टेकत नव्हता. माणसं धावत गेली, हिरवे पडदे उभे राहिले. हिरव्या पडद्यांचा अर्थ रेसवाल्यांना सांगावा लागत नाही. आदल्याच वर्षी याच कपाच्या दिवशी फेव्हरिट ॲडमायर रक्ती शर्यतीनंतर ठाणात कोसळून मेला होता आणि अराल्डोला पाय मोडल्यामुळे मारावं लागलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी व्हेरेमा गेली होती. आमच्या आसपास लोक एकमेकांना विचारत राहिले. बऱ्याच वेळाने कळलं की घोडा जिवंत आहे आणि त्याला रुग्णवाहिकेतून नेलं आहे.

तोवर इकडे इतिहास घडला होता. १५५ कप झाले होते, पण बाई जॉकीने कप जिंकला तो पहिल्यांदाच. मिशेल पेन दहा भावंडांत धाकट्या. त्या सहा महिन्यांच्या असताना आई अपघातात गेली आणि वडिलांनी एकट्याने दहा मुलं वाढवली. त्यांतली बहुतेक जॉकी झाली. थोरली बहीण ब्रिजिड २००७ मध्ये घोड्यावरून पडल्यानंतर दगावली. मिशेल स्वतः २००४ मध्ये पडल्या तेव्हा कवटीला फ्रॅक्चर होतं. घोड्याचा मोतद्दार होता त्यांचा भाऊ स्टीव्ही. त्याला डाऊन सिंड्रोम आहे, आणि एक नंबरचं गेट सोडतीत त्याच्याच हाताने निघालं होतं. मालकांपैकी काहींना मिशेल नको होत्या. ही मालकांची गोष्ट त्यांनी माइकसमोर, भीडभाड न ठेवता सांगितली. माझ्या खिशात फुकट गेलेलं तिकीट होतं, मन पडद्यांपाशी अडकलं होतं, तरी त्या बोलत असताना मी मनापासून टाळ्या वाजवल्या. तो विजय पुरा त्यांचा होता.

रेड कॅडोला नेलं ते वेरिबीलाच. मेलबर्न विद्यापीठाचं जनावरांचं रुग्णालय तिथे आहे, भाचीच्या घराजवळून जाणाऱ्या प्रिन्सेस हायवेवर. पुढचे अनेक दिवस रोज संध्याकाळच्या बातम्यांत त्याची तब्येत सांगत. खुराच्या वरचा सांधा निकामी झाला होता, शस्त्रक्रिया झाली, पायाला आधार बांधून त्याला उभं ठेवलं होतं. घोड्याच्या पायाचं हेच अवघड. एक पाय मोडला म्हणून त्याला अंथरुणावर पडून राहता येत नाही. पाचशे किलोचं धूड उरलेल्या तीन पायांवर तोलावं लागतं, आणि रक्तपुरवठा बिघडला की चांगले पायही धोक्यात येतात. दिवाळीला घरी मराठी मंडळी फराळाला आली, तर चकली तोडता तोडता पहिला प्रश्न घोड्याचा. ज्यांनी जन्मात रेस पाहिली नव्हती तेसुद्धा विचारत होते.

२१ नोव्हेंबरला बातमी आली. प्रकृती बिघडली होती, आणखी हाल नकोत म्हणून डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवलं. त्याला फ्लेमिंग्टनच्याच आवारात पुरायचं ठरलं, असं त्याच बातमीत होतं. जी शर्यत तो कधी जिंकला नाही तिच्याच मैदानात.

त्या रात्री जावयांशी बराच वेळ बोलत बसलो. ते म्हणाले, इतकं वय झाल्यावर त्याला पळवायलाच नको होतं. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण दोष एकट्या तबेल्याला देणं मला मान्य नाही. घोड्यावर माया करणारे हजारो लोक दरवर्षी म्हणत होते, अजून एकदा येऊ दे, यंदा तरी जिंकू दे. त्याने एकदा तरी जिंकावं ही आमची इच्छा होती. घोड्याला पहिलं-दुसरं कळत नसतं. त्याला पळणं कळतं, आणि सांगेल तितकं तो पळतो. म्हणून कधी थांबवायचं हे माणसानेच ठरवायला हवं, आणि ते ठरवताना स्टँडमधल्या टाळ्या मोजू नयेत.

२०२० च्या कपात ॲन्थनी व्हॅन डाइक हा इंग्लिश डर्बी जिंकलेला घोडा गेला, तेव्हा कुठे नियम बदलले. २०२१ पासून परदेशी घोड्याच्या पायांचं सीटी स्कॅन झाल्याशिवाय त्याला कप धावता येत नाही. स्कॅनमध्ये शंका आली की घोडा बाद, मग तो कितीही मोठा असो. या नियमांमुळे परदेशी घोडे कमी येतात, शर्यतीची रंगत गेली, अशी कुरकुर मी ऐकतो. मला ती पटत नाही. शर्यत चोवीसऐवजी वीस घोड्यांची झाली तरी चालेल. हा नियम सहा वर्षं आधी हवा होता.