मुदत गेली म्हणून रान पडीक टाकतो का?



एरवी मी तुमच्याशी बोंडअळी, बीजप्रक्रिया नाहीतर ठिबक यांविषयी बोलतो. आज पिकाचे सोडून पोरांच्या वहीविषयी बोलायचे आहे. पण शेवटी बोलणे पिकावरच येईल, कारण मला दुसरे काही येत नाही.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. बदनापूर तालुक्यातल्या एका शिवारात कपाशी पाहायला गेलो होतो. गुलाबी बोंडअळी किती लागली ते पाहावे आणि यंदा फरदड घेऊ नका हे परत एकदा सांगावे, एवढेच काम. बांधावर बाभळीखाली एक मुलगी मांडीवर प्रयोगवही घेऊन बसली होती. बोटे वाळलेल्या बोंडांनी ओरखडलेली. तशाच बोटांनी ती आकृती काढत होती.

"दहावीला आहे," तिचे वडील म्हणाले. "पण साहेब, आता कशाला लिहिते कोण जाणे. वही द्यायची तारीख परवाच गेली."

मी तिला विचारले, "का गं, आता बाई घेणार नाहीत का?"

"उशिराच्या वहीला गुण न्हाईत म्हणल्या," ती म्हणाली. "तरी लिहिते. पुरी झाली की बरं वाटंल."

ते ऐकले आणि मला माझी अक्का आठवली.

1983 साल. अक्का नववीत, मी सातवीत. आमचे घर दहा एकर कोरडवाहूचे. त्या वर्षी वेचणीला माणूस मिळेना, म्हणून अक्काला पाच आठवडे घरी ठेवले. मी लहान, शिवाय मुलगा, म्हणून मला शाळेत पाठवले. म्हणजे तिने कापूस वेचला म्हणून मी शाळेत गेलो. दिवाळीनंतर ती शाळेत गेली तेव्हा विज्ञानाची वही, भूगोलाचे नकाशे, सगळ्यांची मुदत संपलेली होती. तिने आठ रात्री कंदिलाजवळ बसून वही पुरी केली. गुरुजींनी ती उघडलीही नाही. रकान्यात शून्य मांडले. ते शून्य पाहून आमचे वडील म्हणाले, "शाळेनंच नको म्हटलं, तर कशाला चालायचं तीन कोस?" अक्काची शाळा तिथे संपली.

दोन वर्षांनी मी नववीत गेलो. माझीही वही तशीच राहिली, कारणही तेच. पण गुरुजी दुसरे होते. ते म्हणाले, "उशिराचे दोन गुण कापीन, पण वही तपासून देईन." त्यांनी तपासली, तीन ठिकाणी लाल शाईने चुका दाखवल्या, आणि मी दहावीला गेलो. पुढे परभणीला बी.एस्सी. कृषी झालो. अक्का माझ्यापेक्षा हुशार होती, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सगळा दोष तारखेवर टाकला तर ते खोटे होईल. ती मुलगी होती, आम्ही तिला घरी ठेवले, हा आमचा दोष. पण आम्ही अर्धे लोटलेले दार त्या शून्याने पुरते लावले, हेही खरे.

आता तुम्ही म्हणाल, ते जुने दिवस होते. काही गोष्टी बदलल्या आहेत, त्या आपल्याला माहीत असल्या पाहिजेत. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. तेव्हापासून पहिली ते आठवीचे गुण एकट्या परीक्षेतून येत नाहीत. वर्षभराचे तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, उपक्रम, चाचणी, स्वाध्याय यांतूनही ते येतात. याला आकारिक मूल्यमापन म्हणतात. म्हणजे वेचणीच्या महिन्यात पोर घरी राहिले तर नुसता धडा बुडत नाही, गुणही बुडतात. पुष्कळ आईबापांना हे ठाऊक नसते. "परीक्षेला जाईल की," असे ते म्हणतात.

दहावीला तर हे चांगलेच जाणवते. मराठीसारख्या विषयात लेखी परीक्षा 80 गुणांची आणि 20 गुण शाळेच्या हातचे. हे वीस गुण किती मोलाचे, ते 2019 साली दिसले. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षी 89.41 टक्के होता, तो 77.10 वर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. 2021 मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली. तेव्हा नववीचा निकाल आणि दहावीत शाळेने घेतलेल्या चाचण्या, तोंडी व प्रात्यक्षिक काम यांवर सगळे गुण दिले गेले. म्हणजे शाळेत वेळोवेळी केलेले कामच तेवढे उपयोगी पडले.

गुरुजींची बाजूही सांगतो. साठ-साठ वह्या तपासायच्या, गुण भरून बोर्डाकडे ठरलेल्या दिवसात पाठवायचे. त्यांच्याही डोक्यावर तारीख असते. कोणी केव्हाही वही आणू लागले, तर वेळेवर आणणाऱ्याने काय पाप केले? तारीख हवीच. पेरणीला घात लागते, तशी कामाला मुदत लागते.

पण घात चुकली म्हणून आपण रान पडीक टाकतो का? मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरा, कपाशी फार तर 15 जुलैपर्यंत लावा, असे मी दरवर्षी सांगतो. पाऊस त्याहून लांबला तर आमच्या परभणीच्या विद्यापीठाचे आपत्कालीन नियोजन असते: बाजरी, तूर, सूर्यफूल, तीळ, एरंडी. तेही हुकले तर सप्टेंबरात रब्बी ज्वारी. उशिरा पेरलेल्या रानाचा उतारा कमी येतो, पण शून्य येत नाही. कापूस उशिरा आणला म्हणून काटा त्याचे वजन शून्य दाखवीत नाही. भाव पडलेला असेल तर तो वेगळा सांगतात. वहीचेही तसेच व्हावे. आत काय लिहिले आहे त्याचे गुण द्यावेत, उशिराचे काय कापायचे ते वेगळे कापावे. सरळ शून्य दिले तर वही कधी आली एवढेच कळते. पोराला काय येते, ते कळत नाही.

आणि मुदतवाढ म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 2023 च्या खरिपात पीकविम्याची मुदत 31 जुलैवरून 3 ऑगस्ट केली. 2024 मध्ये 15 जुलैची 31 जुलै केली. मागताना आपल्याला लाज वाटली नाही, वाटायचे कारणही नव्हते. शिक्षण खात्यानेही दुसरी संधी ठेवली आहे. दहावीला नापास झालेल्यांची फेरपरीक्षा 2015 पासून जुलैमध्ये होऊ लागली आणि मुलांचे वर्ष वाचू लागले. 2023 मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, तीतही कमी पडलेल्याला दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा देता येते. मोठ्या परीक्षेला दुसरी तारीख आहे, मग वहीला का नसावी?

हे शिक्षकांना सांगताना मीही स्वच्छ नाही. नोकरीत एकदा एका शेतकऱ्याचा अर्ज एक दिवस उशिरा आला म्हणून मी परत केला होता. "पुढच्या वर्षी या," म्हणालो. तो काही न बोलता पायऱ्या उतरला. नियमाने मी बरोबर होतो. पण वरिष्ठांना एक चिठ्ठी लिहून विचारता आले असते. ते मी केले नाही.

आता आपल्या घरापुरते सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण फवारणी, पाळी, बाजार लिहितो, तिथेच पोरांच्या चाचणीची आणि वही देण्याची तारीख लिहा. वेचणीला ठेवणे अगदीच भाग असेल तर आधी शाळेत जाऊन सांगा. आधी सांगितले तर मार्ग निघतो, मागून सांगितले तर ते निमित्त वाटते. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. आणि एक ध्यानात ठेवा, वहीची तारीख गुरुजी हलवू शकतात, बोर्डाच्या फॉर्मची नाही. तिथे आधी नियमित शुल्क, मग विलंब शुल्क, आणि त्यानंतर खिडकी बंद. सतरा नंबरच्या फॉर्मलाही अशीच मुदत असते.

त्या मुलीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांबरोबर शाळेत गेलो. बाईंनी आमचे ऐकून घेतले. म्हणाल्या, "सोमवारपर्यंत घेते. पण सगळं तिच्या हातचं पाहिजे, आणि उशिराचे गुण जातील." रविवारी वडिलांनी तिला रानात नेले नाही. घरातले एक माणूस एक दिवस कमी झाले, तेवढा कापूस झाडावर राहिला. हे नुकसान लहान नाही, मी जाणतो.

रात्री अक्काला फोनवर हे सगळे सांगितले. ती आता साठीकडे झुकली आहे, नातवंडांचे अभ्यास घेते. बराच वेळ बोलली नाही. मग एवढेच विचारले, "बाईनं वही उघडून पाहिली ना रे?"

म्हटले, "पाहिली, अक्का. पान न् पान पाहिलं."