०.८ व्होल्ट

बाबांचा कीबोर्ड मे महिन्यात बंद पडला. कळमन्याच्या बाजारात तेव्हा मिरचीचे ढीग असतात. वारा आमच्या बाजूला फिरला की अख्खं घर शिंकतं. त्या शिंकांमध्येच मी बटण दाबलं. लाल दिवा लागला, पडद्यावर काळ्या चौकोनांची एक ओळ आली आणि तिथेच थांबली.

बाबा बाजारात एका अडत्याकडे मुनीम होते. पहाटे लिलावाच्या चिठ्ठ्या, रात्री ऑर्केस्ट्रा. १४ एप्रिलच्या आसपास तर ते घरी फक्त झोपायला यायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं. कीबोर्ड मात्र त्यांनी विकू दिला नाही. त्याच्या मेमरीत त्यांनी स्वतः घडवलेले टोन होते: भीमगीतांसाठी जाडसर हार्मोनियम, वरातीसाठी चढा क्लॅरिओनेट. ते पुन्हा घडवणं आता त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

एका ओळखीच्या मेकॅनिकने फोनवर सांगितलं, "भाऊ, आतला सेल काढून दोन मिनिटं ठेव. मेमरी उडते, मशीन फ्रेश होते."

मेमरी उडते, हे तो किती सहज बोलला! जुन्या कीबोर्डमध्ये तुम्ही साठवलेलं सगळं एका बटण सेलच्या आधारावर जगतं. सेल काढला की संपलं. मी मोबाईल दुरुस्त करतो, दिवसभर लोकांना विचारतो, "बॅकअप घेतला का?" घरच्या मशीनचा मात्र कधीच घेतला नव्हता.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. तिथला पाठ एवढाच: मेलेल्या प्रोसेसरला तीन प्रश्न विचारायचे. वीज मिळते का? घड्याळ चालतं का? रिसेट सुटतो का?

झाकण उघडलं. बाबा खाटेवरून म्हणाले, "का... कायले उघडलं?"

"सेलला हात नाही लावत बाबा."

वीज ५ व्होल्ट, बरोबर. म्हणजे त्या काळ्या चौकोनांचा अर्थही लागला: पडद्याला वीज पोचतेय, पण प्रोसेसर त्याच्याशी एक शब्द बोललेला नाही. घड्याळ म्हणजे क्रिस्टल. तिथे साधा मीटर फसवतो, टोक टेकवलं की कंपनं थांबूही शकतात. दुकानातून ऑसिलोस्कोप आणला. लाट दिसली. उरला रिसेट.

रिसेटची पिन प्रोसेसरला सुरुवातीला दाबून धरते. वीज स्थिर होईपर्यंत "थांब" म्हणते आणि मग सोडते. आमच्या बोर्डावर हे काम १० किलोओहमचा एक रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर करत होते. कपॅसिटर हळूहळू भरतो, साधारण दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात पिन वर जाते आणि प्रोसेसर जागा होतो. मी मीटर लावला. ०.८ व्होल्ट. मिनिटभर थांबलो. तरी ०.८.

म्हणजे प्रोसेसर मेला नव्हताच. त्याला कुणी "आता ऊठ" म्हटलंच नव्हतं.

प्लग काढून कपॅसिटर सोडवला आणि मोजला. चांगला असता तर रीडिंग चढत गेलं असतं. हे २ किलोओहमवर अडलं. हिशेब जुळला: ५ व्होल्टचे १२ भाग, त्यातले २. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आणखी काय होणार? ढोबळ नियम असा की १० अंश वाढले की त्याचं आयुष्य अर्धं होतं. आणि सेल काढला असता तर? टोन गेले असते, कपॅसिटर तसाच गळत राहिला असता, पडद्यावर तेच चौकोन.

१०५ अंशांचा नवा कपॅसिटर लावला. चहापेक्षा स्वस्त. बटण दाबताना सोल्डरिंगला न थरथरलेला हात थरथरला.

चौकोन गेले. अक्षरं आली. बाबांची यादी जशीच्या तशी होती.

आधी मिडी केबलने सगळं लॅपटॉपवर घेतलं, मगच सेल बदलला आणि यादी परत भरली. कीबोर्ड खाटेजवळ नेला. बाबांनी डाव्या हाताने हार्मोनियम निवडला, सा धरला, ऐकत राहिले.

"जाड होते," ते म्हणाले. "कमी कर."

मी कमी केलं आणि सेव्ह दाबलं.